कुंड्या रिकाम्या करायची वेळ : मुंबईत फेब्रुवारी-मार्चची भाजीची कामं

गच्चीकर :

कोथिंबीर फुलावर आली, पालकाचे दांडे वर निघाले, मुळा कापल्यावर आतून जाळीदार दिसू लागला, की थंडीची भाजी संपली म्हणून समजावं. मुंबईत वसंत म्हणजे साधारण 10 फेब्रुवारी ते 15 मार्च. पुढे उन्हाळाच. या पाच आठवड्यांत जे बी मातीत जाईल, तेच पावसाच्या आत पोटभर फळ देईल.

हिशेब पावसापासून मागे करा. मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख 11 जून. भेंडी टोकल्यापासून 45-50 दिवसांनी तोडणीला येते आणि पुढे दीडेक महिना चालते. कारली, दोडका 55-60 दिवस घेतात, दुधी 60-65. 20 फेब्रुवारीला टोकलेली भेंडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हाताशी येते. तीच एप्रिलमध्ये टोकली तर उन्हात पांढरी माशी वाढते, झाड हळद्या रोगाने पिवळं पडतं आणि उरलेल्या तोडणीवर पाऊस येतो.

पण बियांच्या आधी ऊन बघा. 21 डिसेंबरला दुपारचा सूर्य मुंबईत दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून 47-48 अंशांवर असतो. 21 मार्चला तो 71 अंशांवर जातो आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर. वरच्या मजल्याची गॅलरी डोक्यावर असलेली, 9 फूट उंचीची दक्षिणेची गॅलरी घ्या. डिसेंबरच्या दुपारी ऊन जमिनीवर 8 फूट आत येतं, 21 मार्चला 3 फूट, एप्रिलच्या मध्याला जेमतेम दीड फूट. जानेवारीत जिथे टोमॅटो लाल झाले, त्याच कोपऱ्यात मार्चमध्ये काकडी लावली तर ती पांढुरकी, लांबोडकी वाढते आणि फूल धरत नाही. लोक खतं बदलत बसतात, खरी अडचण उन्हाची असते. दक्षिणेच्या गॅलरीतल्या कुंड्या आत्ताच कठड्याला लावा. पूर्वेचं ऊन मिरची, वांगी आणि पालेभाजीला उत्तम. पश्चिमेला दुपारी एकपासून झळ बसते, तिथे भेंडी, गवार, चवळी टिकतात. उत्तरेच्या गॅलरीत अळू, पुदिना, मयाळू.

ज्यांना ज्या कामाची नीट माहिती आहे त्यांनी खाली लिहा. मापं आणि दिवस देऊन लिहिलंत तर नवीन लोकांना खरा उपयोग होईल.

मोगरा_मालाड :

पश्चिमेची गॅलरी, दहावा मजला, 12 इंची 6 कुंड्या. काय लावू? वारा खूप असतो.

कठडा :

मोगराताई, 12 इंची कुंडीत साधारण 15 लिटर माती बसते. दोन कुंड्यांत प्रत्येकी 2 भेंडी, त्याहून जास्त नको. एका कुंडीत गवारीची 3 झाडं, एका कुंडीत बुटकी चवळी 3, एकीत लाल माठ फेकून आणि एकीत मिरचीचं एकच रोप, पण मिरची भिंतीच्या आडोशाला. दुधी आणि दोडक्याचा मोह या कुंड्यांत नको. दुधीला कमीत कमी 40 लिटरची पिशवी किंवा अर्धा ड्रम लागतो. लहान कुंडीत वेल वाढतो, फुलं येतात आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात.

वाऱ्याचं म्हणाल तर दहाव्या मजल्यावर माती उन्हापेक्षा वाऱ्याने लवकर सुकते. कठड्याला आतल्या बाजूने हिरवी जाळी बांधा, खाली वीतभर फट ठेवून. अख्खा प्लास्टिकचा पडदा बांधू नका, वारा त्याला शिडासारखा फुगवतो आणि दोऱ्या तुटतात.

आणि कुंड्या खिडकीच्या बॉक्स ग्रिलवर ठेवणार असाल तर वजन धरा. ओल्या मातीची 12 इंची कुंडी 20 किलोच्या आसपास भरते. सहा म्हणजे सव्वाशे किलो. जुन्या ग्रिलचे बोल्ट समुद्राच्या हवेने आतून गंजलेले असतात, वरून रंग चांगला दिसतो. कुंड्या गॅलरीच्या आतच ठेवा.

मातीकाम :

जुन्या मातीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

झाड काढायच्या आधी 3-4 दिवस पाणी तोडा. मग कुंडी आडवी करून, कडेने थापट्या मारून, मातीचा गड्डा अख्खा बाहेर काढा. आता मुळं बघा, घाई करू नका. वाल, मटार, मेथी यांच्या मुळांवर मोहरीएवढे गोल मणी दिसतात. ते नखाने ओढले की सहज सुटतात आणि फोडले तर आतून गुलाबी असतात. हे चांगले, नत्र धरणारे. ती मुळं मातीतच चुरून टाका. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांच्या मुळांना मात्र गाठी असतील, मूळच जागोजागी आल्यासारखं सुजलेलं असेल आणि गाठ ओढूनही सुटत नसेल, तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा अतिसूक्ष्म किडा. ती मुळं कंपोस्टच्या डब्यात टाकायची नाहीत, सुक्या कचऱ्यातही नाही. वाळवून जाळा किंवा पिशवीत बांधून ओल्या कचऱ्याच्या गाडीला द्या.

माती चांगली असेल तर ती ताडपत्रीवर 3 इंचांच्या थरात पसरा, 8-10 दिवस ऊन द्या, रोज एकदा वरखाली करा. चाळण्याची गरज नाही, फक्त जाड मुळं आणि हुमणी वेचा. हुमणी म्हणजे ती पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी. एका कुंडीत तीन-चार असल्या तरी रोप उभ्या उभ्या माना टाकतं.

मग मिश्रण : जुनी माती 5 भाग, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत 3 भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) 2 भाग. 12 इंची कुंडीला वर एक मूठ, साधारण 50 ग्रॅम, निंबोळी पेंड. हे सगळं भरून, पाणी घालून, 10-12 दिवस तसंच ठेवा आणि मग बी टोका. पेंड आणि बी एकाच दिवशी गेलं तर पेंड कुजताना माती तापते, वर पांढरी बुरशी धरते आणि बी सडतं.

गच्चीकर :

कोकोपीट धुणं लोक गाळतात, तेवढं जरा सविस्तर लिहाल का?

मातीकाम :

हो. 5 किलोची वीट फुगून 60-70 लिटर होते. नारळाच्या सोडणात मीठ असतं, किनाऱ्यालगत भिजवलेल्या मालात जास्तच. मोठ्या टबात भिजवा, तासाभराने गोणपाटात भरून पिळून काढा, असं तीनदा. पहिलं पाणी चहासारखं गडद निघतं, तिसरं फिकट. न धुता वापरलं तर रोपाच्या पानांच्या कडा पहिल्या पंधरवड्यात करपतात आणि लोक त्याला उन्हाचा चटका समजतात.

शेणखताचंही तसंच. गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या तबेल्यांतून शेण मिळतं, पण ताजं शेण कुंडीत थेट घालू नका, मुळं जळतात. 4-6 महिने मुरलेलं हवं. ओळख सोपी आहे : मुठीत दाबलं की लाडू होतो, बोटाने टोचलं की भुगा होतो आणि वास पहिल्या पावसाचा येतो, गोठ्याचा येत नाही.

जास्वंदी :

माझ्याकडे त्या न सुटणाऱ्या गाठी निघाल्या आहेत. माती फेकायची का?

मातीकाम :

फेकू नका. या हंगामात तिच्यात भेंडी, काकडी, टोमॅटो, वांगी नको, झेंडू लावा. दाट, 12 इंची कुंडीत 3 रोपं, आणि फुलं संपली की रोपं मुळांसकट तिथेच चुरा. नाहीतर एप्रिल-मेपर्यंत थांबून माती तापवा : ओली करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत 6 इंचांहून जास्त जाडी न ठेवता भरा, तोंड घट्ट बांधा आणि गच्चीच्या भर उन्हात 4 ते 6 आठवडे ठेवा. काळी पिशवी नको, पारदर्शकच. ऊन आत जाऊन अडकलं पाहिजे. कोरडी माती तापवून काही होत नाही, ओल असेल तरच उष्णता खोलवर पोचते.

बीजवाट :

आता बियाणं.

भेंडी : रात्री पाण्यात घालून सकाळी टोका. 10-12 तास पुरेत. 24 तास भिजवलेलं बी गुदमरतं, फुगलेलं दिसतं पण उगवत नाही. खोली 2 सेंटीमीटर, एका जागी दोन बिया, चौथ्या ते सातव्या दिवशी उगवण. दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने जमिनीलगत कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं. जात घेताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका बघा, दोन्ही हळद्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. जुनी पुसा सावनी त्या रोगाला आता लगेच बळी पडते.

कारली, दुधी, दोडका : कवच जाड असतं. कारल्याच्या बीचं टोक नेलकटरने अगदी कणभर तोडा, आतला पांढरा गर दुखावता कामा नये. मग 24 तास भिजवून ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. 3-5 दिवसांत मोड डोकावला की टोका. कोकणच्या हवेसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती चांगल्या : कारल्यात कोकण तारा, दोडक्यात कोकण हरिता, चवळीत कोकण सदाबहार.

वेलवर्गाच्या रोपांना जागा बदललेली सोसत नाही. शक्यतो मोठ्या कुंडीतच टोका. कागदी पेल्यात लावायचंच असेल तर पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं आली की, म्हणजे 12-15 दिवसांत, पेल्याचा तळ फाडून पेल्यासकट लावा.

गवार आणि चवळी भिजवायची गरज नाही. लाल माठाचं बी बारीक असतं, एक चमचा बी चार चमचे कोरड्या वाळूत मिसळून फेका, वर मातीचा नुसता पातळ हात फिरवा. 3-4 दिवसांत उगवतो, 25-30 दिवसांत खुडायला येतो.

सावली_दादर :

मार्चमध्ये टोमॅटो लावले तर चालतील? नर्सरीत रोपं छान मिळताहेत.

बीजवाट :

नको. रोप वाढेल, फुलं येतील, फळ धरणार नाही. रात्रीचं तापमान 22-23 च्या वर राहिलं आणि दिवसा 33-34 च्या पुढे गेलं की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि देठाच्या गाठीतून फूल गळतं. मुंबईत एप्रिलच्या रात्री त्याच्या वरच असतात. सिमला मिरचीचंही तेच. नोव्हेंबरात लावलेली झाडं असतील तर तीच सांभाळा, नवीन रोपांवर पैसे घालू नका. त्या कुंड्या चवळीला द्या.

कठडा :

जुनी वांगी आणि मिरची मात्र उपटू नका. फेब्रुवारीच्या शेवटी वांगं जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, मिरचीचा वरचा एक तृतीयांश भाग काढा. कात्री प्रत्येक झाडानंतर डेटॉलच्या पाण्यात बुडवा. कुंडीच्या कडेने 2 इंच माती उकरून एक ओंजळ गांडूळखत घाला. तीन आठवड्यांत नवी फूट येते आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा फळ. पानं चुरगळलेली, बुटकी राहिलेली, विषाणूची झाडं असतील तर ती छाटायची नाहीत, काढायचीच.

जास्वंदी :

मिरचीची पानं वळताहेत, ती विषाणूने की किडीने, कसं ओळखायचं?

कठडा :

पान उलटं करून बघा, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भिंग धरलं तर उत्तम. पानाच्या कडा वरच्या बाजूला, होडीसारख्या वळल्या असतील तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी उपडी केल्यासारखी दिसत असेल, देठ लांब झाले असतील, तर कोळी, म्हणजे पानाखाली राहणारी अगदी बारीक कीड. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे. कोळ्यांसाठी मार्चपासून दर तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा द्या.

निंबोळी तेल : 1 लिटर कोमट पाणी, त्यात आधी 1-2 मिली भांडी घासायचं लिक्विड, मग 5 मिली तेल, खूप हलवून लगेच वापरा. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. फवारणी ऊन उतरल्यावरच. काकडी-दुधीच्या कोवळ्या पानांवर आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघा, ती पानं तेलाने चटकन भाजतात. भेंडीच्या शेंड्यातला पांढरा पिठ्या ढेकूण नुसत्या फवाऱ्याने हलत नाही. तो साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि मुंग्यांचा रस्ता तोडा. मुंग्याच त्याची पिल्लं एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

वेलबुट्टी :

वेल लावणाऱ्यांसाठी परागीभवनाच्या वेळा. उंच मजल्यांवर मधमाश्या कमी पोचतात, त्यामुळे हे काम हातानेच करायचं, आणि चुकतं ते वेळेत.

काकडी आणि कारलं : सकाळी, 6 ते 9.
घोसाळं : पहाटे उमलतं, सकाळी 8 च्या आत.
दोडका : संध्याकाळी 5 नंतर.
दुधी : पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, 6 ते 8. सकाळी जाऊन बघाल तर फूल मिटून मऊ पडलेलं असतं.

दोडका आणि घोसाळं दिसायला इतकी जवळची, पण एक संध्याकाळचं आणि एक पहाटेचं, हे लक्षात न ठेवल्याने बऱ्याच वेलांची फळं वाया जातात.

मादी फुलाच्या मागे देठावर इवलं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. सुरुवातीचे 10-15 दिवस फक्त नर फुलं येतात, घाबरू नका. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून टाका, मधल्या पिवळ्या काडीला बोट लावून बघा. बोटाला पावडर लागली तरच उपयोग. ती काडी मादी फुलाच्या मधल्या तीन पाळ्यांवर हलकेच, सगळीकडून फिरवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. परागीभवन झालं असेल तर दोन-तीन दिवसांत फळाचा देठ खाली वाकतो आणि फळ चकचकीत दिसतं. नसेल तर टोकाकडून पिवळं पडतं.

दुधी आणि कारल्याच्या मुख्य वेलाचा शेंडा 6-7 पानांवर खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं लवकर आणि जास्त येतात. काकडीला हे सरसकट करू नका, पुष्कळ संकरित जाती मुख्य वेलावरच धरतात.

मोगरा_मालाड :

फळमाशीचा सापळा आणला होता, त्यात माश्या येतात पण कारली तरी किडतात. असं का?

वेलबुट्टी :

गंधाची वडी कुठली आहे ते बघा. आंबा-पेरूच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉल लागतं, वेलवर्गाच्या माशीला क्यू-ल्यूर. दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा प्रसिद्ध आहे, पण तो आंब्याच्या माशीसाठी. दुकानात विचारताना 'काकडी-कारल्यासाठी' असं स्पष्ट सांगा. शिवाय दोन्हींत फक्त नर अडकतात. अंडी घालणारी मादी मोकळीच असते, त्यामुळे फळ झाकणं हाच खरा उपाय. फूल सुकून गळालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुन्या मलमलीची किंवा वर्तमानपत्राची पिशवी चढवा आणि देठाशी सैल बांधा. किडलेलं फळ कुंडीत पडू देऊ नका, अळी मातीत शिरून तिथेच कोष करते. पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग टाका.

पाणवठा :

पाण्याबद्दल थोडं. पालिकेचं तलावांचं पाणी झाडांना उत्तम आहे. बोअरवेलचं, विशेषतः किनाऱ्याजवळच्या सोसायट्यांतलं, खारट असतं. कुंडीच्या कडेला आणि तळाच्या भोकाशी पांढरा थर दिसला तर तेच. अशा कुंडीला महिन्यातून एकदा पालिकेचं पाणी मातीच्या दुप्पट मापाने सोडा, तळातून वाहून जाऊ द्या. आरओचं वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार अधिक असतात. एसीचं थेंबथेंब पाणी चालतं, फक्त त्यात काहीच क्षार नसतात म्हणून खत नेहमीसारखं द्या.

मार्चमध्ये पूर्वेचे वारे सुटले आणि खारा वारा दुपारी उशिरा आला, की पारा एकदम 38 च्या पुढे जातो. असे दोन-तीन दिवस आधी कळले तर फवारणी आणि रोपांची पुनर्लावणी दोन्ही थांबवा. सकाळी 8 च्या आत पाणी, बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तर संध्याकाळी पुन्हा. पानं दुपारी मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर मुळं ठीक आहेत. काकडी कडू होते, दुधीचं टोक काळं पडतं, ते बहुतेक वेळा एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी पूर, असं पाणी दिल्याने. त्यावर अंड्याची टरफलं घालून या हंगामात फायदा होत नाही, ती विरायला महिने लागतात.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात.

गच्चीकर :

आच्छादनाचं राहिलं. याच दिवसांत सोसायट्यांत बदाम आणि पिंपळाची पानगळ असते. सफाईवाल्या दादांना सांगून दोन गोणी ठेवून घ्या, जाळू देऊ नका. बदामाचं पान जाड, तेलकट असतं, अख्खं घातलं तर पाणी वरूनच घरंगळतं. पायाने तुडवून चुरा आणि 2 इंचांचा थर द्या, खोडापासून दोन बोटं जागा सोडून. रसवंतीवाल्यांकडचं उसाचं चिपाड फुकट मिळतं, पण एकदा धुऊन कडक वाळवल्याशिवाय घालू नका, मुंग्या लागतात आणि मुंग्यांमागून पिठ्या.

सावलीसाठी वर बांधायची हिरवी जाळी एप्रिलच्या आधी नको. लावाल तेव्हा फळभाजीवर 35 टक्के सावलीची, कोथिंबीर-पालकावर 50 टक्क्यांची, आणि झाडाच्या शेंड्याच्या किमान 2 फूट वर.

सावली_दादर :

हळदीची पानं सुकली आहेत. काढू का? आणि अळूचे कंद कधी?

मातीकाम :

हळदीची सगळी पानं पिवळी पडून आडवी झाली असतील तर पाणी पंधरा दिवस तोडा आणि मग कुंडी उलटी करा. मधला जाड गड्डा बियाण्यासाठी ठेवा, न धुता, कोरड्या वाळूत, सावलीत. मेअखेरीस पुन्हा लागेल. बाजूची बोटं, म्हणजे बोटासारखे लांबट कंद, धुऊन पाण्यात पाऊण ते एक तास उकळा. काडी टोचली की आरपार गेली पाहिजे. मग 10-15 दिवस उन्हात. मोडताना कट्‌ असा आवाज आला की वाळली, वाकली तर अजून दोन दिवस द्या.

अळूचे कंद मार्चअखेरीस उत्तरेच्या गॅलरीत, 3 इंच खोल, डोळा वर. ज्या कुंडीतून हळद निघाली तिच्यातच लावू नका, दोन्हींना कंदकुज होते. त्या कुंडीत लाल माठ टाका.